स्त्रिया आणि वाहनचालन : एका समजुतीची तपासणी

पालकभेटीच्या रविवारी आपल्या विद्यालयाच्या फाटकासमोर काय दृश्य असते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. सकाळी नऊपासून गाड्या येऊ लागतात आणि वसतिगृहाच्या खिडक्यांचे गज धरून मुले आपापले माणूस ओळखू पाहतात. अनेक वर्षे हे दृश्य पाहताना एक गोष्ट आमच्या नजरेत भरत गेली. दुचाकीवरून जोडपे आले, तर गाडी चालविणारे वडील असतात आणि आई मागे, मांडीवर डब्याची पिशवी धरून बसलेली असते. आई एकटीच यावयाची असेल, तर ती बहुधा एसटीने येते. पाटण, ढेबेवाडी किंवा शिराळ्याकडची माता कराडला उतरते, तेथून मलकापूरकडे येणारे दुसरे वाहन शोधते आणि दुपारची पंगत उठल्यावर पोहोचते. घरी दुचाकी नाही का, असे विचारले की उत्तर येते, ‘‘आहे की. पण ह्यांना आज सुट्टी नव्हती.’’

एकदा रात्री एका लहान विद्यार्थ्याला ताप चढला. घरी निरोप दिला, तेव्हा वडील कामानिमित्त परगावी होते. दाराशी गाडी उभी होती, किल्ली खुंटीला होती, आणि अंतर अर्ध्या तासाचे होते. आई सकाळच्या पहिल्या एसटीने आली. मुलावर उपचार वेळेत झाले, त्यात काही उणे राहिले नाही. परंतु ती रात्र त्या मातेने कशी काढली असेल, याचा विचार आमच्या मनातून गेला नाही. ‘‘मला येते थोडीफार, पण घरात म्हणतात बाईमाणसाने हायवेला गाडी घालू नये,’’ असे ती म्हणाली. या एका वाक्यात जी समजूत दडली आहे, तिची तपासणी करावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

समजूत सर्वांच्या परिचयाची आहे. बाईला गाडीचा अंदाज येत नाही, ती ऐनवेळी गोंधळते, उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळते, ब्रेकऐवजी दोन्ही पाय जमिनीला लावते. भ्रमणध्वनीवर ‘पापा की परी’ या नावाने फिरणाऱ्या चित्रफिती पाहून आपल्याही घरात हसू होते. त्या हसण्यात मुलीही सामील असतात, हे अधिक चिंतेचे. विनोद म्हणून ऐकलेली गोष्ट दहा वेळा ऐकली की माहिती म्हणून मनात बसते.

या समजुतीला उत्तर शोधण्यासाठी आपणांस फार दूर जावे लागत नाही. आपल्या विद्यालयापासून काही किलोमीटरवर, कराड येथील शासकीय तंत्रनिकेतनात, विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेणाऱ्या विद्यार्थ्यांत सातारा जिल्ह्यातील एक शेतकरी कुटुंबातील मुलगी होती. पाच भावंडांत थोरली. नाव सुरेखा रामचंद्र भोसले. शालेय शिक्षण साताऱ्यात झालेले. पुढे शिक्षिका व्हावे, असा त्यांचा मानस होता. १९८६ साली त्यांनी रेल्वेतील सहाय्यक चालकाच्या जागेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षेस गेल्या, तेव्हा उमेदवारांत स्त्री अशी त्या एकट्याच. निवड झाली. कल्याण येथील प्रशिक्षण केंद्रात शिक्षण घेऊन १९८९ मध्ये त्या रीतसर सहाय्यक चालक झाल्या. विवाहानंतर सुरेखा यादव या नावाने साऱ्या देशाला परिचित झालेल्या, भारतातील पहिल्या महिला रेल्वेचालक त्या याच.

‘पहिल्या महिला’ एवढे सांगून आपण बहुधा थांबतो, टाळ्या वाजवितो आणि पुढच्या कार्यक्रमाकडे वळतो. आम्हांस त्यांचा पुढचा प्रवास अधिक बोलका वाटतो. त्यांची सुरुवात मुंबईच्या वाडीबंदर ते कल्याण धावणाऱ्या मालगाडीवर सहाय्यक म्हणून झाली. इंजिनाची तपासणी, सिग्नल वाचणे, मुख्य चालकास साहाय्य करणे ही त्यांची कामे. मालगाडीची स्वतंत्र जबाबदारी मिळण्यास १९९६-९८ उजाडले. २००० साली त्या उपनगरी लोकलच्या चालक झाल्या आणि त्याच वर्षी सुरू झालेली महिला विशेष लोकल त्यांनी चालविली. २०१० मध्ये त्या घाटाच्या चालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईस ‘डेक्कन क्वीन’ नेली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईस ‘वंदे भारत’ नेली. मध्यंतरी कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या चालकांना शिकविण्याचे कामही त्यांनी केले. म्हणजे शिक्षिका होण्याची इच्छाही एका अर्थी पुरी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये, ३६ वर्षांच्या सेवेनंतर, त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी चालविलेली गाडी होती राजधानी एक्सप्रेस, इगतपुरी ते मुंबई.

या टप्प्यांमधील अंतरे पाहावीत. सहाय्यक, मग मालगाडी, मग लोकल, मग घाट, मग मेल-एक्सप्रेस. प्रत्येक पायरीवर वर्षे गेली आहेत. घाटाची गाडी एकदम कोणाच्याच हाती देत नाहीत, पुरुषाच्याही नाही. कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट आणि कसारा-इगतपुरीचा थळघाट या दोन्ही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे. रस्त्याच्या हिशेबाने हा चढ किरकोळ वाटेल, परंतु पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेथे तो फार तीव्र ठरतो. चढताना गाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. उतरताना तर सारी भिस्त ब्रेकवर. ब्रेक उशिरा लावला तर वेग हाताबाहेर जातो आणि विनाकारण दाबत राहिले तर चाके तापतात. शेकडो टनांचे वजन मागे ओढत असताना पुढच्या वळणाचा, बोगद्याचा आणि सिग्नलचा अंदाज काही मिनिटे आधी बांधावा लागतो. ‘बाईला अंदाज येत नाही’ असे म्हणणाऱ्याने ही एकच गोष्ट घडीभर डोळ्यांसमोर आणावी.

यावर ‘रेल्वेला स्टिअरिंग कोठे असते?’ असे म्हणणारा एखादा निघतोच. आमच्याच शिक्षककक्षात निघाला होता. त्याच्या समाधानासाठी रस्त्यावर येऊ.

परभणीच्या शीला डावरे घर सोडून पुण्यास आल्या आणि १९८८ मध्ये रिक्षा चालवू लागल्या. देशातील पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद आहे. त्या काळी बाईच्या हाती भाड्याची रिक्षा द्यावयास मालक तयार होत नसत. मुंबईत लक्ष्मी जाधव यांनी आधी रिक्षा चालविली आणि मे २०२२ मध्ये बेस्टच्या पहिल्या महिला बसचालक म्हणून धारावी आगारातून बस बाहेर काढली. मुंबईच्या गर्दीत बस चालविणे म्हणजे काय, हे जे कामानिमित्त तेथे राहिले त्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. आपल्या एसटी महामंडळाने २०१९ साली महिला चालकांची भरती हाती घेतली. अवजड वाहनाच्या अनुभवाची अट त्यांच्यासाठी शिथिल केली आणि ते शिक्षण महामंडळानेच देण्याचे ठरविले. मध्ये करोनाची वर्षे गेली. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा ही बस नेली, आणि एसटीच्या प्रवाशांनी चालकाच्या आसनावर प्रथमच एक स्त्री पाहिली. १९४८ सालापासून एसटी धावते आहे. त्या आसनापर्यंत पोहोचण्यास स्त्रीला पंच्याहत्तर वर्षे लागली, आणि ती कशामुळे लागली? हाताच्या अशक्ततेमुळे खास नव्हे, कारण त्या अटीकडे कोणी नीट पाहिलेच नव्हते : अवजड वाहनाचा अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही, आणि नोकरी असल्याशिवाय अवजड वाहन कोणी हाती देत नाही.

मोटारीच्या इतिहासाचे पहिले पान तर एका बाईनेच लिहिले आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याने बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढून मॅनहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, माहेरी गेल्या. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतील एका गावातल्या चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची युक्ती तेथून आली. जगातील पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास तो हाच.

मग समजूत टिकते कशी? आमच्या मते याचे उत्तर कौशल्याच्या शोधात नाही, तर लगाम कोणाच्या हाती द्यावयाचा हे कोण ठरवितो, या प्रश्नात आहे. आणि हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही.

मसूर हे आपल्याच कराड तालुक्यातील स्थानक. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने तेथे उतरली. वडील गोरेगावला नोकरीस होते, त्यांच्याकडे जावयाचे होते. मुले चांगल्या कपड्यांत होती. ती महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा पालटली आणि बैलगाडीवाल्यांपैकी एकही त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी तोडगा निघाला तो असा : भाडे दुप्पट द्यावयाचे, गाडी मुलांनी स्वतः हाकावयाची, आणि गाडीवानाने सोबत पायी चालावयाचे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग सांगितला आहे. आपण तो विटाळाच्या क्रूरतेचे उदाहरण म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. काही मैल गेल्यावर तोच गाडीवान गाडीत चढून बसला आणि कासरा त्याने आपल्या हाती घेतला. कासरा कोणी धरावा याचा नियम त्याच्या सोयीप्रमाणे बदलला. मुलांना हाकता येते की नाही, हा प्रश्न कोणी केलाच नव्हता.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब दौऱ्यावर होते. स्थानकावरून महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला राजी होईना. तेव्हा वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकावयास आपल्यातलाच एक माणूस बसविला. पाहुण्याला पायी चालवावे, हे त्यांच्या स्वाभिमानाला पटेना. त्या माणसाने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. प्रथम एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडाला अडकून टांगा उसळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, आणि घोडा व टांगा नदीत पडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग वाचून महारांना टांगा हाकता येत नाही, असे अनुमान कोणी काढील काय? त्या बांधवाच्या हाताला सवय नव्हती, कारण त्या हाताला लगाम कोणी कधी लागूच दिला नव्हता. ज्याला सरावापासून दूर ठेवले, त्याच्या असरावी हाताकडे बोट दाखवून ‘पाहा, याला जमत नाही’ म्हणावयाचे, ही युक्ती जातीच्या संदर्भात आपण चटकन ओळखतो. तीच युक्ती आपल्या घरातील मुलीच्या बाबतीत चालविली जाते तेव्हा आपणांस विनोद सुचतो. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा निकष बाबासाहेबांनी सांगितला. दाराशी उभी असलेली दुचाकी आणि खुंटीवरची किल्ली त्या निकषातून वगळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. रस्त्यावर अडखळत, बिचकत गाडी चालविणाऱ्या स्त्रिया दिसतात, हे खरे आहे. आम्हीही पाहतो. मुलगा बारा वर्षांचा असताना मामाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून हँडल धरतो, चौदाव्या वर्षी शेताच्या वाटेवर चोरून गाडी पळवितो (ते बेकायदेशीर आहे, आणि त्याचे कौतुक थांबले पाहिजे), अठराव्या वर्षी परवाना काढतो तेव्हा त्याच्या हाताला चार-सहा वर्षांचा सराव असतो. मुलगी पहिल्यांदा हँडल धरते ती विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, पंधरा दिवसांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, आणि त्यानंतर गाडी पुन्हा घरातल्या पुरुषाकडे जाते. या दोघांची तुलना करून निसर्गाचा नियम सांगणे अन्यायाचे आहे.

सरावाइतकाच दुसरा एक अडथळा आहे, आणि तो पाहण्यासाठी आम्ही वाचकांस श्रावस्तीच्या अंधवनात नेऊ इच्छितो. संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात सोमा थेरीची कथा आहे. भिक्षाटन करून सोमा दुपारी एका झाडाखाली ध्यानाला बसली असता मार तेथे येतो आणि तिला सुनावतो की, जे पद ऋषींनाही दुष्प्राप्य, ते दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला कोठून मिळणार! दोन बोटांची बुद्धी म्हणजे भात शिजला की नाही हे शीत दोन बोटांत दाबून पाहण्यापुरती अक्कल, असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. सोमा मारास ओळखते. चित्त एकाग्र असेल आणि ज्ञान जागे असेल, तर तेथे स्त्रीत्वाचा काय संबंध, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. मी स्त्री आहे, मी पुरुष आहे, असे ज्याच्या मनात घोळत असेल त्याच्याशी जाऊन बोल, असे ती सुचविते, आणि मार खिन्न होऊन निघून जातो.

मार तिला दगड मारीत नाही किंवा वाट अडवीत नाही. तो फक्त एक वाक्य बोलतो, आणि वाक्य बोलतो ते नेमके ती एकाग्र असताना. अशा वाक्याने नेमके काय होते, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. त्यांनी स्त्रियांना रस्त्याचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर गाडी चालविण्यास बसविले. काही जणींना आधी सांगितले की, पुरुष स्त्रियांपेक्षा चांगले चालक का असतात हे या प्रयोगातून तपासावयाचे आहे. इतर जणींना तसे काही सांगितले नाही. वाटेत अचानक पादचारी आडवे येतात तेव्हा, ज्यांच्या कानी ते वाक्य पडले होते त्यांच्या हातून पादचाऱ्याला धडक बसण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीहून अधिक निघाले. दोन्ही गटांत स्त्रियाच होत्या. फरक होता तो आधी कानी पडलेल्या वाक्याचा.

असे का व्हावे? गाडी चालविताना मन एकाच वेळी अनेक गोष्टी धरून असते : पुढचे वाहन, आरशातले वाहन, कडेने धावत येणारे मूल, गिअर, वेग. त्यातच ‘मी चुकले तर लोक म्हणतील, बाईच ती’ हा विचार शिरला की लक्षाचा एक हिस्सा त्याच्या खर्ची पडतो. विपश्यनेला बसलेल्या आपल्या साधक वाचकांना हे अनुभवाने ठाऊक असेल. स्मृती एका जागी ठेवावयाची आणि शेजारी कोणी तरी सतत कुजबुजत राहावयाचे! मलकापूरच्या चौकात स्कूटीवरच्या मुलीमागे उभे राहून उगीच हॉर्न वाजविणारा, आणि शेजारी बसून ‘अगं, ब्रेक, ब्रेक!’ ओरडणारा प्रेमळ नवरा, हे दोघेही आपल्या नकळत मारांचेच काम करीत असतात. आम्ही हे लिहीत असताना आमच्यापैकी एकदोघांनी मान खाली घातली, हे प्रामाणिकपणे नोंदवितो.

आता अपघातांविषयी. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदविले आहे. अपघात करणाऱ्यांत पुरुष अधिक, म्हणून स्त्रिया अधिक चांगल्या चालक, असा उलटा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. रस्त्यावर पुरुष चालकच कितीतरी अधिक आहेत, तेव्हा ती तुलना लंगडी होईल. परंतु वेग, मद्यप्राशन, ईर्ष्येने पुढे काढणे या दोषांना कौशल्याचा अभाव म्हणता येत नाही. गाडी उत्तम येणारा माणूसच या दोषांपायी मरतो आणि मारतो. याचा हिशेब विमा कंपन्यांनी फार पूर्वी केला. विमा कंपन्यांचे प्रेम कोणावर नसते, त्यांचा डोळा पैशावर असतो. युरोपात कित्येक वर्षे तरुण स्त्रियांना मोटारविम्याचा हप्ता तरुण पुरुषांपेक्षा कमी पडत असे, कारण त्यांच्या अपघातांची भरपाई कमी द्यावी लागे. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने स्त्री-पुरुष भेद करून हप्ता ठरविण्यास मनाई केली, तेव्हा स्त्रियांचे हप्ते वाढण्याची वेळ आली.

गाडी बनविणाऱ्यांचाही यात वाटा आहे. मोटारीची सुरक्षा तपासण्यासाठी जे पुतळे धडकेत बसवितात, ते अनेक दशके सरासरी पुरुषदेहाच्या मापाचे होते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पट्टा बांधलेल्या स्त्री चालकास तशाच अपघातात गंभीर इजा होण्याचा संभव पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळला. सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये पुढे आणला. आपल्याकडील मुलींना याचा व्यावहारिक बोध असा की, आसन पुढे-मागे व वर-खाली करून घेण्यात संकोच मानू नये. पुरुषाच्या मापाने लावलेल्या आसनावर टोकाला बसून क्लच दाबणारी मुलगी बिचकतच गाडी चालविणार. दुचाकीचेही तेच. उंच आसन, साडीचा घोळ, मोकळी ओढणी यांमुळे पाय खाली राहतात. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपल्या भागातही घडले आहेत, म्हणून ती कमरेला बांधावी, आणि गाडी आपल्या उंचीची निवडावी.

कायद्याकडे वळलो तर तेथे ही समजूत कोठेच आढळत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात परवान्यासाठी वय आहे, प्रकृती आहे, चाचणी आहे. स्त्री-पुरुष हा भेद नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आपल्या भागाचे कार्यालय कराडलाच आहे. गाड्यांवरची ‘एमएच ५०’ ही खूण त्याचीच. या तीस दिवसांचे महत्त्व आम्ही पालकांना विशेष सांगू इच्छितो. परवाना हाती येणे आणि गाडी येणे यांत अंतर असते. पहिले काही दिवस गावातल्या मोकळ्या रस्त्यावर, मग बाजाराच्या दिवशीच्या गर्दीत, मग सेवारस्त्यावर, मग महामार्गावर. एकदा दिवसा, एकदा पावसात, एकदा संध्याकाळी समोरून प्रखर दिवे येत असताना, असा क्रम लावावा. पुणे-बेंगळुरू महामार्ग मलकापुरातूनच जातो आणि त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर, लांब ट्रेलर आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या चुकविणे हे कोणालाही सोपे नाही. ज्या महामार्गाची भीती घालून मुलीला घरी बसवितो, तो आपल्या दारातून जाणार आहेच. तेव्हा त्याची ओळख करून दिलेली बरी. शिकविणाऱ्याने शक्यतो शांत माणूस निवडावा. तो बाप किंवा भाऊच असला पाहिजे असे नाही. गाडी चालविणारी मावशी, आत्या, शेजारची शिक्षिका असेल तर फारच उत्तम.

संयुत्तनिकायात एका रथाचे रूपक आहे. तो रथ सरळ मार्गाने जातो आणि कुरकुरत नाही. पापाची लज्जा हा त्याचा आधार, स्मृती हे त्याचे आच्छादन, सम्यक दृष्टी पुढे धावणारी आणि धम्म हा सारथी. असा रथ ज्याच्यापाशी असेल तो निर्वाणाच्या समीप जातो, आणि असा रथ असणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, असे तेथे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी रथाचा विचार करताना हा उल्लेख करण्याची आवश्यकता तथागतांना वाटली, याचा अर्थ त्या काळीही कोणी तरी तो प्रश्न विचारीत असला पाहिजे.

ज्या मातेचा उल्लेख आरंभी केला, त्या आता दुचाकीने येतात. पहिल्या खेपेस त्यांच्यामागे त्यांचे दीर बसून आले होते. फाटकात उतरल्यावर त्यांनी वहिनींच्या चालविण्यातल्या तीन चुका आम्हांस सांगितल्या. दोन खऱ्या होत्या. पुढच्या महिन्यात त्या एकट्याच आल्या, सकाळी साडेनऊला, आणि डबा गरम होता.